पाल चुकचुकली तेव्हा

ऑपरेशन थिएटरच्या दारावरचा लाल दिवा काही केल्या विझत नव्हता. आत काकू होती. बाहेर बाकावर मी आणि पालींची उत्क्रांती अभ्यासण्यात आयुष्य घालवलेले काका. घरी पाल चुकचुकली की काकू जमिनीवर बोटं वाजवून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणायची आणि काका उखडायचे, “अगं, ती दुसऱ्या पालीशी बोलतेय, तुझ्याशी नाही!”

इतक्यात ट्यूबलाइटमागून चुकचुक ऐकू आली. काकांची बोटं बाकावर वाजली.

“कृष्ण कृष्ण,” ते पुटपुटले.

पालीच्या पायांना भिंत धरता यायला युगं लागली, हे त्यांनीच मला शिकवलेलं. घाबरलेल्या माणसाला धरायला काय सापडतं? बायकोचे दोन शब्द.

मी पाल शोधायला वर पाहिलं. काकांनी पाहिलं नाही.