भिंतीवरचं मोकळं कपाळ

आमची लेक बर्लिनला आणि मुलगा मेलबर्नला, त्यामुळे निवृत्तीनंतर आमचं जग बघणं फुकटात झालं. पण दोन्ही मुलांनी आम्हाला राजवाडे दाखवले नाहीत, भिंती दाखवल्या. बर्लिनला भिंतीचा एक लांबलचक तुकडा जपून ठेवलाय, त्यावर चित्रं आहेत आणि ती बघायला लोक विमानानं येतात. आमचे हे म्हणाले, भिंतच बघायची होती तर राहुरीत काय कमी आहेत? लेकीनं पुढे लिस्बनला नेलं. तिथले चढ चढून गुडघ्यांची पार वाट लागली, पण एका अख्ख्या इमारतीवर रंगवलेली सुरकुतलेली म्हातारी दिसली आणि मी तिच्यासमोर फूटपाथवरच बसकण मारली. कुणाची तरी साधी आजी, हातात भाजीची पिशवी. मला तिथून उठवेना.

मेलबर्नच्या गल्ल्यांत तर आजचं चित्र उद्या असेलच असं नाही, दुसरा कुणी येऊन त्याच्यावर रंगवून जातो. अर्धं डोकं भादरलेली एक मुलगी आम्हाला हिंडवत होती. ती म्हणाली, भिंत रस्त्याची असते, तुम्ही चित्र काढून बाजूला झालात की तुमचा हक्क संपला, पुढे ती येणाऱ्याजाणाऱ्याची. मुलानं मराठीत सांगितलं. मला ते इतकं पटलं की मी जोरजोरात मान डोलावली. ह्यांना वाटलं मला चक्कर येतेय.

राहुरीला परत आलो तर आमच्या कंपाउंडच्या भिंतीची अवस्था नेहमीचीच होती. घर कारखान्याच्या रस्त्यावर. हंगामात उसाचे ट्रॅक्टर आमच्या दारापर्यंत रांगेत उभे असतात आणि रांगेतल्या पुरुषांना आमचीच भिंत आवडते. ह्यांनी यावर सगळं गाव करतं तोच उपाय काढला होता, देवांच्या फरशा आणून ठेवल्या होत्या. मी साफ नाही म्हटलं. जग हिंडून आलेली बाई मी, देवांना मुतारीच्या पहाऱ्यावर बसवणार नव्हते. मग काय लावणार, असं ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, आईचं चित्र.

माझी आई पाथर्डीकडची, ऊसतोड करणारी. वडील मी लहान असतानाच गेले. त्यानंतर ती दर हंगामात कोयता घेऊन याच भागात यायची. शाळेत जायला लागायच्या आधी मीही तिच्याबरोबर कोपीवर, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, असायचे. संक्रांतीला मळ्याची मालकीण टोळीतल्या बायांना हळदीकुंकवाला बोलवायची. बाया नटूनथटून जायच्या आणि आई सगळ्यांची पोरं सांभाळत मागे बसायची. कुणी तिला वाईट बोललं नाही. फक्त बोलावलं नाही.

नंबरप्लेटा आणि पाइपांच्या जाहिराती रंगवणारा एक पेंटर बोलावला. आईचा एकच फोटो होता, बँकेच्या पासबुकावरचा. त्यावरून त्यानं चेहरा झकास उतरवला, डोक्यावर मोळी दिली, हातात कोयता दिला आणि सवयीनं कपाळावर मोठं लाल कुंकू काढलं. मी ते पुसायला लावलं. तो नाखूश झाला, म्हणाला, बाईचं चित्र अपुरं वाटतंय. मी म्हटलं, ती अशीच होती. त्या मोकळ्या कपाळानं तिनं जन्मभर ऊस तोडला, ते झाकलं तर माझी आई उरतेच कुठे?

हंगाम सुरू झाला. चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी बघते तर आईच्या कपाळावर कुंकू. मी फडकं ओलं करून पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुंकू, वर दोन अगरबत्त्या. मग नारळ आला, झेंडूची माळ आली. भिंतीपाशी आता कुणी उभं राहत नव्हतं, उलट लोक चपला काढून पुढे जात होते. हे खूश. म्हणाले, फरशा वाचल्या, देवी घरचीच निघाली. मला मात्र संताप आला होता, आणि संतापापेक्षा जास्त वाईट वाटत होतं. माझी आई कुणाला दिसतच नव्हती. पुसून पुसून कपाळावरचा रंगही विटायला लागला होता.

शेवटी एके सकाळी कुंकू लावणारी सापडली. ट्रॉलीतून उतरलेली ऊसतोडीची बाई, माझ्या लेकीच्या वयाची, हातात कुंकवाची डबी. मी फडकं घेऊन धावले आणि सांगितलं की ही देवी नाही, ही माझी आई आहे आणि ती विधवा होती.

तिनं आधी चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भिताडावरच्या बाईला नवरा कुठला, ताई?" ती म्हणाली. "नवराच न्हाई, तर मरंल कसा?"

आणि तिनं शांतपणे कुंकू लावलं, हात जोडले आणि ट्रॉलीत जाऊन बसली. मला मेलबर्नची ती अर्धं डोकं भादरलेली मुलगी आठवली आणि माझी डोलणारी मान आठवली. दुसऱ्याच्या भिंतीवर मान डोलवायला काय जातं.

त्यानंतरही मी काही दिवस पुसत राहिले, हट्टानं. मग संक्रांत आली. पलीकडच्या घरी हळदीकुंकू होतं. गल्लीतल्या बाया जरीच्या साड्या नेसून निघाल्या आणि आधी आमच्या भिंतीपाशी थांबल्या. एकेकीनं आईला हळद लावली, कुंकू लावलं, तिच्या पायाशी तिळगूळ ठेवला आणि मगच पुढे गेल्या. मी फाटकात ओलं फडकं घेऊन उभी होते.

सगळ्या गेल्यावर भिंतीपाशी गेले. फडकं खांद्यावर टाकलं आणि तिळगुळाचा एक लाडू उचलून खाल्ला. आईला मिळालेला पहिलाच होता, पण तिनं तो मलाच दिला असता.