सातव्या मजल्याचा पिवळा दिवा

मित्रांनो, आज सकाळी आमच्या सोसायटीच्या फायर अलार्म पॅनेलवर पिवळा दिवा दिसला. लाल म्हणजे आग. पिवळा म्हणजे बिघाड. इथे सातव्या मजल्याशी पॅनेलचा संपर्कच तुटला होता.

वॉचमन म्हणाला, "पीं-पीं कर रहा था, सेक्रेटरी साब बोले बटन दबा दो."

सेक्रेटरी हसले. "अहो, होमाच्या धुराने बोंबलतो, म्हणून पूजेला सातव्या मजल्यावरचा धुराचा डिटेक्टर काढला होता. लाल तर नाही ना? तुम्ही कुठले इंजिनियर?"

इंजिनियर नाहीच. मॅन्युअल ओळ न ओळ वाचून शिकलोय.

डिटेक्टर महिनाभर त्यांच्या कापराच्या डब्यात पडून होता. मी तो सातव्या मजल्यावर परत बसवला. पिवळा विझला. मग त्याला उदबत्तीचा धूर दाखवला. पॅनेल लाल झालं, बेल इमारतभर वाजली.

पूर्ण दोन मिनिटं वाजू दिली. एकही दार उघडलं नाही. खालून कोणीतरी ओरडलं, "अरे, बंद करो यार!"

फक्त अंथरुणाला खिळलेल्या शेजारच्या काकूंनी आतून हाक मारली, "आग लागली का रे? मला कोण उचलणार?"

यंत्र मी दुरुस्त केलं. काकूंना काय सांगू, तुम्हीच सांगा.