एकाच पिंजऱ्याची वही

उंदीरघरातल्या मावशींचा स्वभावच असा, की कुणी आपणहून गोड बोललं तरी त्यांना त्यात काहीतरी काळंबेरं दिसे. प्रयोगशाळेत मात्र या स्वभावाचं सोनं झालं होतं. चौदा वर्षं त्या पिंजरे धूत, पिल्लांची वजनं करत आणि कोणतं पिल्लू कसं वागतं ते वहीत टिपत. गाभण असताना काही उंदरिणींना गांजाचा अर्क दिला जाई, काहींना नुसतं तेल. पिल्लं दिसायला सारखीच. पण ती मोठी झाली की डॉक्टरीणबाई त्यांच्या मेंदूतली रसायनं तपासत आणि फरक शोधत. कुठल्या पिंजऱ्यात कुणाची पिल्लं, हे मावशींना मुद्दाम सांगत नसत. "एकदा कळलं, की डोळ्यांना तेच दिसायला लागतं," असं बाई म्हणत.

मावशींना ते पुरतं पटलं होतं. घरी पोचल्या, की मात्र विसरत.

घरी ठिणगी होती, पाठच्या बहिणीची लेक. उलट्या थांबतात म्हणून बहीण गरोदरपणी गांजा ओढायची. मावशींनी वास ओळखला, हातापाया पडल्या. पण पालथ्या घड्यावर पाणी. लेक आठ दिवसांची असताना तिला मावशींच्या ओटीत टाकून ती गेली, ती गेलीच. पोरगी आता अकरा वर्षांची, काटक आणि तोंडाळ. मावशींचा तिच्यावर जीव होता आणि संशयही तेवढाच. तिचा पाढा अडला, की यांना बहिणीचा गांजाच आठवे. शेवटी त्यांनी बाईंना आडून विचारलं.

"मावशी, उंदरांवरून एका पोरीचं भविष्य सांगता येत नाही," बाई म्हणाल्या.

बाई नक्कीच काहीतरी लपवताहेत, असं मावशींनी ठरवून टाकलं आणि घरी दुसरी वही सुरू केली. 'तिसऱ्या हाकेला ओ दिली.' 'बुटाची नाडी बांधायला विसरली.' 'विनाकारण हसली.' अशी पाच वर्षं. वही कपाटात चादरींखाली असायची.

परवा त्या कामावरून आल्या, तर वही टेबलावर आणि समोर ठिणगी. मावशींचं धाबं दणाणलं.

"मावशी, हा माझा पिंजरा का गं?"

"अगं, तसं नाही..."

"मग दुसरा कुठाय? तूच सांगतेस ना, ताडून बघायला दोन लागतात म्हणून?"

मावशींनी वही ओढून घ्यायला हात पुढे केला.

"मला महिन्यापूर्वीच सापडली ही. दुसरा पिंजरा नव्हता, मग मी केला," म्हणत पोरीने वही उलटी केली. मागच्या पानांवर तिचं वेडंवाकडं अक्षर होतं. 'मावशी: चष्मा डोक्यावर, शोधला घरभर. दूध उतू गेलं. दोनदा ओरडली. रडली, विचारलं तर म्हणाली कांदा. कांदा नव्हता.'

"मी दोन्हींकडची पानं लावून बघितली," ठिणगी म्हणाली. "मला तर फरक सापडला नाही. तुला सापडला का?"

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सवयीने त्यांनी पेन उचललं, आणि पुन्हा खाली ठेवलं.