दोन फळ्यांची खुर्ची

"ताई, चार स्क्रू मारा अन् खाली पाय लावून द्या," सुनीता म्हणाली. मी खुर्ची उलटी करून बघितली. "स्क्रू मारला तर फुटेल," मी म्हणाले.

सेलूत माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे. सुनीताच्या भावानं, नोकरीच्या देशातून, आफ्रिकेतल्या मलावीहून, वडिलांसाठी ही खुर्ची पाठवली होती. मारोतराव त्यांचं नाव. सोनपेठजवळच्या खेड्यात मेंढरं आणि थोडी शेती. आदल्या आठवड्यात खुर्चीतून उठताना ते तोंडावर पडले होते. म्हणून सुनीता गाडीत खुर्ची आणि वडील दोघांनाही घेऊन आली होती.

आफ्रिकेत अशा खुर्च्या हातानं कोरतात. फक्त दोन जाड फळ्या. पाठीच्या फळीला खाली एक खाच असते, तिच्यातून बसायच्या फळीचं शेपूट मागं जातं. खिळा नाही, गोंद नाही. माणूस बसला की त्याच्याच वजनानं जोड घट्ट होतो. लाकूड हवेप्रमाणं फुगतं, आकसतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर फारच. स्क्रूनं ते आवळून धरलं, की तडा जातो.

"मग माळ्यावर टाकते," सुनीता म्हणाली.

"न्हाई!" मारोतराव एकदम बोलले. "पोरानं सुताराजवळ बसून करून घेतलीय. मी तिच्यातच बसणार."

"अन् पुन्हा पडलात तर?" सुनीतानं विचारलं.

मी त्यांना खुर्चीत बसायला सांगितलं. बसले ते मजेत. उठताना मात्र गुडघे छातीशी आले, हात धरायला काही शोधू लागले.

"बसायला लय झ्याक हाय. उठायलाच जमंना."

खुर्चीत काही दोष नव्हता. ती बुटकी होती, आणि मारोतरावांचे गुडघे म्हातारे. मी खुर्चीला हात न लावता तिच्याखाली तिला उंच करणारी सागवानी बैठक करायचं ठरवलं. बैठक फक्त खुर्चीपुरती, म्हणजे बसणाऱ्याचे पाय जमिनीवरच टेकतील. दोन्ही बाजूंना धरायला दांडे, तेही बैठकीलाच.

आठवड्यानं दोघं पुन्हा आले. मारोतराव बसले आणि गुळगुळीत लाकडावर खुर्ची सर्रकन मागं गेली. मी खांदे धरले म्हणून वाचले.

"आता मारायलात का मला?" ते हसत म्हणाले. सुनीता हसली नाही. "ताई, राहू द्या आता," ती म्हणाली.

"अर्धा तास बसा," मी म्हटलं. खुर्ची दोनच जागी टेकते, पुढं पाठीची फळी आणि मागं शेपूट. त्या दोन रेघा आखल्या, पटाशीनं उथळ खाचा पाडल्या, थोडी ढील ठेवून. मग आधी मी स्वतः बसले, जोर देऊन हललेही. खुर्ची जागची हलली नाही.

मारोतराव बसले. दांडे धरले. उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. सुनीतानं पुढं केलेला हात त्यांनी बाजूला सारला. "पोराला फोन लाव," एवढंच बोलले, आणि व्हिडिओ कॉलवर तिसऱ्यांदा उठून दाखवलं.

तेव्हापासून दुरुस्तीला काही आलं, की मी आधी ते वापरणाऱ्याला बोलावते. निम्म्या वेळा वस्तू चांगलीच असते.