भावआत्याचा एप्रन

सकाळी कारखान्यात आल्यावर बाकीची माणसं आधी चहाची चौकशी करत. आत्या आधी भाव विचारायची.

"आज काय?"

"चढलाय," मालक मोबाइलवरून नजर न हलवता सांगायचे.

"कितीने?"

"तुम्हाला काय करायचंय, आत्या? आयुष्यात एक ग्रॅम तरी विकत घेतलंत का?"

नव्हतं घेतलं. तरी तिचं नाव भावआत्या पडलं होतं, आणि ते तिला मान्य होतं. विकत घेतात ते हौशी लोक. आत्याचं सोनं तिच्या अंगावर होतं, पण गळ्यात नाही, हातातही नाही. ते तिच्या एप्रनात होतं.

कारखाना म्हणजे दागिन्यांच्या दुकानामागची लांबट खोली. कारागिरांची चार टेबलं, कोपऱ्यात भट्टी आणि खिडकीशी पॉलिशचं चाक. त्या चाकासमोर आत्या तेवीस वर्षं बसली. कारागिराच्या हातून आलेली अंगठी नुकतीच तापातून उठल्यासारखी निस्तेज असते. चाकावर धरली की हसायला लागते. पण हसता हसता जराशी झिजतेही, आणि ती झीज धूळ होऊन उडते. अशा खोलीत धुळीला जेवढा मान असतो तेवढा माणसालाही नसतो. तिथे केर फेकत नाहीत. हात धुतलेलं पाणी पिंपात साठवतात. बसायची चटई फाटली की ती जाळून राख वितळवतात. नवा माणूस जोरात शिंकला तर चौघंजण त्याच्याकडे चोराकडे बघावं तसं बघतात.

एप्रनचा नियम मालकांच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या मालकांनी, आबांनी, घातला होता. एका वर्षी बोनस द्यायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी मोठ्या मनाने सांगून टाकलं, पॉलिशवाल्याने दर शनिवारी एप्रन पेटीवर झटकायचा. झटकून पडेल ते मालकाचं, चिकटून राहील ते त्याचं. काम सोडेल किंवा मागेल त्या दिवशी एप्रन जाळून, गाळून त्याच्या हातात देऊ. त्या काळी सोनं इतकं स्वस्त होतं की पंधरा वर्षं वापरलेल्या एप्रनातून एका चपलेच्या जोडाचे पैसे निघत. उदार व्हायला फारसं लागत नव्हतं.

पुढे थोरले मालक वारले आणि सोन्याचा भाव चढतच गेला. धाकट्या मालकांनी वडिलांचा शब्द पाळला, पण शनिवारी पेटीपाशी उभं राहताना त्यांचा चेहरा दाढ दुखणाऱ्या माणसासारखा व्हायचा. कारण आत्याचं झटकणं म्हणजे तान्ह्या बाळाला थोपटणं.

"जरा जोरात झटका की, आत्या!"

"फाटेल हो. जुना झालाय तो."

हे मात्र खरं होतं. चार वर्षांपूर्वी एप्रन पोटापाशी विरायला लागला. एखादा तुकडा गळून पेटीत पडला तर सोनं मालकाच्या घशात जाणार, या धास्तीने आत्याला दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी तिने जुन्या चादरीचं छान आवरण शिवलं आणि एप्रनवर बांधायला सुरुवात केली. एप्रन आत सुरक्षित. आवरण ती दर रविवारी घरी नेऊन स्वच्छ धूत असे, इस्त्रीसुद्धा करत असे. मालकांना वाटलं, बाईला नीटनेटकेपणाची आवड आहे.

एप्रनपायी आत्या जगाची खबर ठेवायला लागली होती. दूर कुठे लढाई पेटली की लोक घाबरून सोनं घेतात आणि भाव चढतो, हे तिला कळलं. मग बातम्या ऐकताना "अरेरे" म्हणून झालं की ती हळूच "कितीने?" विचारायची आणि स्वतःचीच लाज वाटून चाक सुरू करायची. व्याजदर वाढले की भाव का पडतो, हे तिला मालकांनी समजावलं होतं. "सोनं अंडी घालत नाही, आत्या. बँकेने अंडी वाढवली की लोक सोनं विकून कोंबडी घेतात." तेव्हापासून व्याजदर वाढल्याची बातमी आली की आत्या म्हणायची, "मेल्या कोंबड्या!"

दुकानातल्या भावाच्या फलकावर दोन भाव असतात, वरचा आपण घेण्याचा आणि खालचा आपण विकण्याचा. आत्याला विकायचं होतं, पण ती वर्षानुवर्षं वरचाच भाव बघत आली. खालच्या आकड्याने उगीच मन खट्टू होतं, असं तिचं म्हणणं.

या सगळ्यात तिसऱ्या मजल्यावर एक माणूस अडकला होता.

आत्याचे यजमान चाळीस वर्षं नळाची कामं करत. सगळे त्यांना नळकाका म्हणत. आयुष्यभर लोकांच्या बेसिनखाली गुडघ्यांवर बसले, त्याची वसुली गुडघ्यांनी साठीनंतर केली. इमारतीला लिफ्ट नाही, जिन्याचा कठडा एका बाजूला डुगडुगतो. चार महिन्यांत ते एकदाच खाली उतरले होते, तेही डॉक्टरकडे जायला. बाकी दिवस खिडकीत खुर्ची. खाली कुणी ओळखीचं दिसलं की वरून ओरडून गप्पा.

आणि तळमजल्याची खोली रिकामी झाली. घरमालकीणबाई आत्याला म्हणाल्या, "तुमच्यासाठी दोन महिने ठेवते. पण अनामत एकरकमी पाहिजे."

अनामतीची निम्मी रक्कम बँकेत होती. उरलेली निम्मी म्हणजे त्या दिवशीच्या भावाने बारा ग्रॅम. आत्या सगळंच ग्रॅममध्ये मोजायची. पलंग तीन ग्रॅम, नवीन चष्मा अर्धा ग्रॅम, मुलीकडे जायचं-यायचं भाडं पाव ग्रॅम. आणि एप्रनात वीस ग्रॅम होतं. कशावरून? तर कोरा एप्रन आणि आपला एप्रन तिने कारखान्याच्या काट्यावर ठेवून बघितले होते. आपला साठ ग्रॅमने भारी. त्यातले चाळीस मेण आणि मळ, वीस सोनं. हे चाळीस तिने कशाच्या आधारावर ठरवले, ते तिलाच ठाऊक.

"मग उद्याच जाळून टाक," नळकाका म्हणाले.

"अहो, भाव चढतोय! आज बारा ग्रॅम लागतात, आठवड्याने अकरा लागतील. उरलेल्यात तुमच्यासाठी न्हाणीघराला धरायची दांडी बसवू, पलंग घेऊ."

आठवड्याने खरोखर अकरा झाले. मग साडेदहा. आत्या चाकाशी बसून मनातल्या मनात पलंगाला कपाट जोडत होती. मुलीचा फोन आला, "आई, बाबा जिन्यात पडले तर? कधी करणार आहेस तू?" आत्या म्हणाली, "दहावर येऊ दे." मुलीने फोन ठेवून दिला.

दहावर आलं नाही. कुठल्याशा मोठ्या बँकेने व्याज वाढवलं आणि भाव घसरला. अकरा. बारा.

"मेल्या कोंबड्या," आत्या म्हणाली. "पुन्हा साडेदहावर आला की लगेच विकते."

"साडेदहा होतं तेव्हा का नाही विकलंस?"

"तेव्हा चढत होता ना!"

"म्हणजे चढताना विकायचं नाही आणि उतरताना विकवत नाही," नळकाका खिडकीतून म्हणाले. "अगं, सोनंही वर आणि मीही वर. पण सोनं निदान अधूनमधून खाली तरी येतं."

दोन महिन्यांतले शेवटचे आठ दिवस उरले तेव्हा एक जोडपं खोली बघून गेलं. त्यातल्या बाईंनी खिडकीला कुठले पडदे शोभतील, इथवर बोलणं केलं. दुसऱ्या दिवशी आत्याने विचारलं, "आज काय?" उत्तर आलं, उतरलाय. अनामतीचे आता तेरा ग्रॅम झाले होते.

"जाळा," आत्या म्हणाली आणि एप्रन सोडला.

कारागीर भोवती जमले. एप्रनच्या चिंध्या करून लोखंडी तव्यात पेटवल्या. सोन्याचा धूर निघतो म्हणतात. हा धूर काळा होता आणि जुन्या मेणाचा वास मारत होता. राख मुशीत गेली, त्यावर टाकणखार पडला, पुढे तेजाबाची धुलाई झाली. दोन दिवसांनी मालकांनी काट्यावर एक लहानसा पिवळा मणी ठेवला.

"नऊ पॉइंट दोन."

आत्या काट्याकडे बघत राहिली. "काटा नीट आहे ना?"

"आत्या, तेवीस वर्षं याच काट्यावर तुमच्यासमोर वजन होतंय."

"मग वीस होते ते?"

मालकांनाही नवल वाटलं होतं. खालचे थर चांगले निघाले, म्हणाले, पण वरचा थर असा नव्हताच. "गेल्या चार वर्षांत एप्रनवर काही बसलंच नाही असं वाटतं. चाक तर रोज फिरत होतं. कुठे गेली धूळ?"

मग त्यांची नजर खुंटीवर गेली. तिथे चादरीचं आवरण टांगलं होतं, इस्त्री केलेलं, पांढरंशुभ्र.

"हे... धुता तुम्ही?"

"दर रविवारी," आत्या सवयीच्या अभिमानाने म्हणाली आणि म्हणता म्हणता खाली बसली.

कारागिरांतला एक आधी हसला, मग दुसरा, मग सगळेच. सोनं सांडू नये म्हणून बाईने चार वर्षं सोन्याची धूळ धुऊन काढली होती! आत्यालाही हसू फुटलं, पण ते अर्ध्यावरच थांबलं. चार ग्रॅम कमी, हातात पाच दिवस, आणि वर खिडकीत तो माणूस.

घरी येऊन तिने सगळं सांगितलं. नळकाका हसले नाहीत. त्यांनी एकच विचारलं.

"कुठे धुवायचीस?"

"स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये. तुंबलेलंच असतं ते. चार वर्षं सांगतेय तुम्हाला, खालच्या पाइपाचं बेंड साफ करा, बेंड साफ करा. अख्ख्या वस्तीचे नळ दुरुस्त केले आणि घरचं बेसिन..."

ती थांबली. नळकाका काठी शोधत होते.

"सोनं जड," ते म्हणाले. "पाण्याबरोबर वर चढायचं नाही. माझी पिशवी आण."

"तुम्ही खाली बसू नका! मी बोलावते कुणाला तरी."

"माझ्या घरच्या बेंडात परका माणूस हात घालणार? आता तर मुळीच नाही."

बेसिनखाली उताणं पडायला त्यांना दहा मिनिटं लागली. आत्या त्यांच्या डोक्याखाली उशी धरून बसली आणि "हळू, अहो, हळू" म्हणत राहिली. पाना लागला, बेंड सुटलं आणि बादलीत काळाकुट्ट चिखल पडला. चार वर्षांचा आळस, एकही दिवस न चुकता साठलेला.

"बघ," नळकाका जमिनीवरून म्हणाले. "वेळच्या वेळी साफ केलं असतं तर?"

त्यांना उठवायला मात्र पाऊण तास लागला. एकदा गुडघा वळला आणि ते कळवळले. आत्याने आपल्या खांद्याचा आधार दिला. खुर्चीत बसल्यावर ते नुसता गुडघा चोळत राहिले. आत्या ते बघत राहिली. त्या दिवसभरात तिने एकदाही भाव विचारला नाही.

सकाळी कारखान्यात चिखलाचा डबा उघडताच मालकांनी नाकाला रुमाल लावला. "आत्या, हे काय आणलंत?"

"माझी चार वर्षं."

मालकांनी ऐकून घेतलं, मग डोळे बारीक केले. "एप्रनवरून सुटून पडलेलं ते माझं, हा आमच्या आबांचा नियम."

"झटकून पडलेलं तुमचं. मी झटकलं नाही, धुतलं. आबांनी धुण्याचं काही सांगून ठेवलंय का?"

मालकांनी डोकं खाजवलं. आबांनी खरंच काही सांगितलं नव्हतं. "बरं. बेंड तुमचं, घाण तुमची. पण हे गाळायची मजुरी दुप्पट. वास बघा वास."

चिखलातून मजुरी वजा जाऊन चार पॉइंट एक निघालं. एकूण तेरा पॉइंट तीन. मालकांनी फलकाकडे बघितलं आणि जरा अडखळले.

"भाव आजही उतरलाय, आत्या. तेरा पॉइंट एक लागतील. जेमतेम होतंय. पण माझं ऐकाल तर चार दिवस थांबा. बाजारातले सगळे म्हणतायत, पुढच्या आठवड्यात चढणार."

आत्याने तेवीस वर्षांत पहिल्यांदा फलकाच्या खालच्या आकड्याकडे नीट पाहिलं.

"विका," ती म्हणाली.

"अहो, पण..."

"तुम्ही लहान होतात तेव्हापासून ओळखते मी तुम्हाला. विका म्हटलं ना."

नळकाका खाली आले तो दिवस सोमवार होता. जिन्याच्या प्रत्येक वळणावर खुर्ची ठेवत आत्या पुढे चालली होती. दुसऱ्या मजल्यावर ते टेकले तेव्हा तिने काळजीने विचारलं, "दुखतंय का?" ते म्हणाले, "नाही गं. जरा थांबून बघतोय, आणखी चढायला मिळतंय का." आत्याने त्यांच्या दंडाला चिमटा काढला. पण हात सोडला नाही, शेवटच्या पायरीपर्यंत.

पलंग आला नाही. कपाट तर नाहीच. न्हाणीघराला दांडी मात्र बसली. जुना पाइप कापून नळकाकांनी स्वतःच बसवली. पुढच्या आठवड्यात भाव खरोखरच चढला. मालक ते सांगायला मुद्दाम येऊन गेले. चहाही पिऊन गेले.

आणि दोन दशांश ग्रॅम उरलं होतं. मालकांनी ते कागदाच्या पुडीत बांधून दिलं होतं, ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक. आत्याने ते बटणांच्या डब्यात ठेवलं. तळमजल्यावर एक सोय असते, वर्तमानपत्र सगळ्यांच्या आधी हातात पडतं. नळकाका खिडकीशी बसून ते उघडतात आणि आतल्या खोलीतून हाक येते.

"अहो, आज काय?"

"चढलाय."

"मग राहू दे," आत्या म्हणते. "अजून चढेल."