न डगमगणाऱ्या चकतीसाठी नांदेड ते लातूर

प्रवासी: मी स्वतः, नांदेडच्या कोर्टासमोर बसणारा अर्जनवीस (लोकांचे अर्ज लिहून देणारा), शिक्षण नववीपर्यंत. दिवस: ऐन दुष्काळातील शनिवार. साक्षीदार: एक, माझी कन्या अनुराधा, तंत्रनिकेतन, दुसरे वर्ष, दोन, बसलिंगआप्पा, लेथवाले, लातूर.

हकिगत अशी की, कन्येने टेस्ला कॉइल, म्हणजे हवेत विजेच्या लांब ठिणग्या सोडणारे यंत्र, स्वतःच्या हाताने बांधले. त्यात मोटारीवर एक चकती गरगर फिरते व तिच्या कडेला बसविलेल्या टंगस्टनच्या कांड्यांतून ठिणगी उडते. घरी कापलेली चकती डगमगली आणि एक कांडी सुटून भिंतीत रुतली. विभागप्रमुख सरांनी बजावले, "सोमवारपर्यंत नीट चकती आणा, नाहीतर प्रदर्शनातून नाव कमी." नांदेडात कोणी हात लावेना. म्हणून पहाटेच्या एसटीने मी लातूरला निघालो.

लोह्यापुढे शेते उघडी पडली होती. अहमदपूरजवळ नव्या जिल्ह्याच्या मागणीसाठी रस्ता अडविलेला. अर्धा तास गेला. मी उतरून आंदोलकांचे निवेदन पाहिले आणि म्हणालो, "यात मागणी कुठे आहे? नुसत्या घोषणा आहेत."

"मंग तुम्हीच लिहा की, काका!" पुढारी म्हणाला.

बसच्या बॉनेटवर कागद ठेवून मी निवेदन नव्याने लिहून दिले. त्यांनी ते मोठ्याने वाचले आणि गाडीला वाट दिली. कंडक्टरने मला पुढची जागा दिली, हे नमूद करणे आवश्यक आहे.

लातुरात आप्पांच्या दुकानात बोअरच्या जळालेल्या पंपांचा ढीग होता. आप्पांच्या पत्नीने गूळ आणि अर्धा पेला पाणी पुढे केले. मी गूळ संपविला व पाण्याचा एकच घोट घेतला.

आप्पांनी कन्येने काढलेला चकतीचा नकाशा उलगडला आणि कपाळावर हात मारला. "मधल्या भोकाचं माप कुठं हाय?"

चूक माझी होती. शिक्का नसलेला कागद मी आयुष्यात कोणाच्या हाती दिलेला नाही. निघताना सवयीने मारलेला शिक्का नेमका त्या मापावर बसला होता.

"पाच-सहा मिलिमीटर धरा की," मी म्हणालो.

"अंदाजानं न्हाई पाडत भोक. केसभर सरकलं तर लेकीच्या तोंडावर येईल ते. फोन लावा."

कन्या प्रात्यक्षिकात; फोन बंद. तोवर आप्पांनी दोन पंप उरकले आणि मला जेवायला बसविले. ज्वारीची भाकरी व येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी) होती. तीन वाजता फोन लागला.

"बाबा, नकाशावर शिक्का? आठ मिलिमीटर! आणि आप्पांना त्रास देऊ नका."

आप्पा हसले. "पोरगी तुमच्यावर न्हाई गेली, बरं हाय."

फायबरचा जाड पत्रा लेथवर चढला. आठ कांड्या बसल्या. मग आप्पांनी चकतीत दांडा घालून तो दोन समपातळीतील पात्यांवर ठेवला. जड बाजू हळूच खाली वळली. ते कानशीने कणभर घासत, पुन्हा सोडत. असे कितीदा झाले, मी मोजले नाही. शेवटी चकती जिथे सोडली तिथेच थांबली. आयुष्यभर मी शब्द तोलले. वस्तू इतकी तोललेली प्रथमच पाहिली.

रविवारी घरी मोटार पूर्ण वेगाने फिरली. कन्येने टेबलावर कडेवर उभे केलेले नाणे पडले नाही. मग हातभर लांबीची निळी वीज कडाडली आणि शेजारी भिंतीपलीकडून ओरडले. मला जो अभिमान वाटला तो कोणत्याही अर्जात मावणारा नाही. दुष्काळाने होरपळलेल्या या मुलखात असले काम होते, हे मी स्वतः जाऊन पाहून आलो आहे.

सबब विभागप्रमुख सरांस विनंती की, सोमवारी सकाळी दहा वाजता कन्या यंत्रासह आपल्या दारात हजर राहील. आपण चकती फिरताना स्वतः पाहावी. नकार द्यावयाचा झाल्यास तो पाहिल्यानंतरच, कारणासह व लेखी द्यावा. मी बाहेर बाकावर बसून उत्तराची वाट पाहीन.