चाळीस ओव्हरसाइझ आणि आमची सुमनआक्का

आमची आक्का गाडीवरनं पडून मेली नाही.

"ही बया एक दिवस गाडीवरनं पडून मरणार" म्हणणारे सगळे तिच्या आधी गेले. ती आज सकाळी निपाणीत, स्वतःच्या पलंगावर, झोपेत गेली.

सुमनआक्का. माझी थोरली बहीण. आई-बाबा तंबाखूच्या वखारीत राबले, आक्का सरकारी नर्स झाली.

ऐंशी सालाच्या आसपास बोरगावच्या पुढं एका गावात तिची ड्युटी होती. (गावाचं नाव लिहीत नाही. तिथली पोरं माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, चांगली आहेत.)

वस्त्यांवर बाळंतपणाला जायला बस कुठली? तिनं सांबऱ्याच्या एका रिटायर्ड सुभेदारांकडनं जुनी इंग्लिश मोटारसायकल घेतली. पांढरी साडी खोचून किक मारायची.

पण सिलिंडर झिजलेला. गाडी ऑइल प्यायची आणि निळा धूर सोडायची.

गावच्या मधल्या गल्लीत एका बड्या घरचे अण्णा कट्ट्यावर बसायचे. एक दिवस त्यांनी तिला अडवलं.

"बाई, धूर लई हुतोय. गल्ली संपस्तोवर गाडी बंद करून ढकलत न्यायची."

दुसऱ्या कुणाच्या गाडीचा धूर त्यांना कधी लागला नव्हता.

आक्कानं त्या दिवशी ढकलली. पुढच्या वस्तीवर बाई अडलेली, भांडायला वेळ नव्हता.

मग रजा काढून ती बेळगावला माझ्या हॉस्टेलवर आली. मी तेव्हा बी.एड. करत होते. तिच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत सिलिंडर.

"धूर बंद करायचाय," म्हणाली. "मग बघू काय कारण काढतात."

झिजलेला सिलिंडर आतनं कापून पुन्हा गोल करायचा, त्याला रीबोअरिंग म्हणतात. ते काम करणाऱ्या आप्पांनी सिलिंडरमध्ये बोट फिरवलं.

"वर कडा आलीया. आत गोलाई ऱ्हायली न्हाय. कुणाची गाडी?"

"माझी."

"चालवतं कोण?"

"मीच की."

आप्पांनी तिच्याकडं नीट बघितलं. "मग काम चोख करायला पायजे," म्हणाले.

त्यांचा सल्ला होता, आतनं कापून साठ थाऊनं मोठा, म्हणजे ओव्हरसाइझ, पिस्टन घाला, सगळे ओरखडे एका झटक्यात जातील. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

"साठच्या पुढं?" आक्कानं विचारलं.

"पुढं काय न्हाय. ते शेवटचं माप. मग सिलिंडर भंगारात."

"मग साठ नको. ओरखडे जातील तेवढंच कापा. अजून एकदा रीबोअर करायला जागा ठेवा. मला ही गाडी लई वर्षं चालवायचीय."

चाळीस ठरलं. पण आधी पिस्टन हातात पाहिजे, त्याच्या मापानं बोअर मारायचा. बेळगावात मिळेना. आक्का कोल्हापूर पालथं घालून घेऊन आली.

"रनिंग-इन होईस्तोवर, म्हंजी नवा पिस्टन रुळेस्तोवर, पळवू नका," आप्पांनी बजावलं. "न्हायतर पिस्टन जाम हुईल."

गाडी तयार झाली त्या आठवड्यात मी तिच्या मागं बसून त्या गावात गेले.

अण्णा कट्ट्यावरनं उठून आडवे आले.

"बंद करून न्यायची म्हटलं हुतं न्हवं?"

आक्कानं इंजिन बंद केलं नाही. "मागं बघा अण्णा. धूर कुठाय?"

अण्णांनी बघितलं. धूर नव्हता. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मग ते बोलले.

"तुमच्यातल्यांनी हितनं बसून जायचं न्हाय."

"आत्ता खरं बोललासा," आक्का म्हणाली. "उगंच गाडीला नावं ठेवत हुतासा."

आणि क्लच सोडला.

अण्णाच बाजूला झाले.

गल्ली संपता संपेना. मी मागनं कुजबुजले, "आक्का, पळव की!"

"नवा पिस्टन हाय गं. सावकाशच जायला पायजे."

पुढं गावातनं वर तक्रारीचे अर्ज गेले. आक्काची बदली झाली, पार नंदगडच्या बाजूला. सामान टेम्पोत टाकलं आणि ती गाडीवरनं गेली. त्याच गल्लीतनं. दुसरा रस्ता होता तरी.

तिकडंही वर्षानुवर्षं तिनं गाडीवरनंच बाळंतपणं केली.

सकाळपासनं फोन येतायत. "बिचारी, एकटीच राहिली."

बिचारी म्हणू नका. राग येतोय मला.

उद्या सकाळी निपाणीत तिला निरोप द्यायचाय. खांदा आम्ही बहिणी आणि भाच्या देणार. ज्यांना हे चालत नाही, त्यांनी घरात बसावं.

आक्का, जयभीम.